बसला तो बसला

३ फेब्रुवारी

सोन्या गं,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी पाळकसाहेबांच्या गादीत कापूस भरत होते. वाचलं, आणि गादी अर्धवट टाकून सरळ चर्चच्या आवारात! केसांत कापूस, पायांत दोन वेगळ्या चपला. माझा अवतार बघून पाळकसाहेबांना वाटलं, कुणीतरी गेलं. म्हटलं, कुणी गेलं नाही, येतंय! माझी भाची येतेय, राहायला, कायमची!

"भाची?" ते म्हणाले. "तुमच्या भावाला तर एक मुलगाच होता असं ऐकलं होतं."

नवीन आहेत ना ते, त्यांना काय माहीत. म्हटलं, ऐकलंत तेही खरं आणि मी सांगतेय तेही खरं. चहा टाका, सगळं सांगते. मग सांगितलं, की बारा वर्षांपूर्वी माझ्या भावाचा मुलगा म्हणून जे लेकरू इथून गेलं, ते आता माझी भाची आहे. डॉक्टर झाले, कागदपत्रं झाली, नाव बदललं, सगळं रीतसर. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते आणि स्वतःचं भाडं स्वतः भरते. मी तिला पाळण्यात असल्यापासून सोन्या म्हणते. ते तेव्हाही चाललं, आताही चालतं.

माणूस चांगला आहे गं, पण भित्रा. कप बशीत गोल गोल फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "माझी हरकत नाही. पण मंडळीची रीत आहे."

रीत तुला आठवत असेल, तरी उजळणी करते, कारण तू तेव्हा गायनमंडळात बसून खिदळत असायचीस. मंडळीतून गेलेलं माणूस परत आलं, की त्यानं वेदीपुढे उभं राहायचं, आपल्याकडे पाठ करून. मागे वळून बघायचं नाही. पाळक विचारतात, "यांना आपल्यात घ्यायचं का?" ज्यांना हवं ते उभे राहतात. एक जरी माणूस बसून राहिला, तर गोष्ट वर्षभर पुढे. बोलायचं नाही आणि कारण विचारायचं नाही.

सुताराच्या वेळचा घोळ आठवतो? बेकरीवाला बिचारा रात्रभर भट्टीपुढे असलेला, ऐन वेळी गाढ झोपला. सगळी मंडळी उभी आणि हा तोंड उघडं टाकून बसलेला. घड्याळवाले उठून म्हणाले, "बसला तो बसला. कारण विचारत नाहीत." झालं! सुतारानं वर्षभर बाहेरच्या पायरीवर बसून उपासना ऐकली आणि बेकरीवाल्यानं लाजेकाजेस्तव वर्षभर त्याला फुकट पाव दिला.

घड्याळवाले अजून आहेत. माझ्या दारापासून तिसरं दुकान. पंचांमध्ये सगळ्यांत थोरले आणि चर्चमध्ये तीस वर्षं माझ्याच बाकावर, माझ्याच डाव्या हाताला. त्यांचं मी बघते. तू फक्त हो म्हण!

फोन करू नकोस. फोनवर तू "बरं आत्या" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्रात निदान दोन वाक्यं जास्त येतात.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

आत्या,

मी नुसतं लिहिलं होतं, "कधीकधी वाटतं तिकडे येऊन राहावं." तू त्याचं वरातीसकट लग्न लावून मोकळी झालीस!

पण मी हो म्हणते. आज एका बाईच्या वरच्या कवळीचे पुढचे दोन दात मी उलटसुलट बसवले. दहा वर्षांत असं झालं नव्हतं. लॅबचे मालक म्हणाले, "प्रेमात पडलीस की काय?" मी म्हटलं, "आत्याच्या."

खरं सांगते. इथे मी दर रविवारी एका मोठ्या चर्चला जाते. शेवटचा बाक, दाराजवळ. शेवटचं गीत सुरू झालं की उठते, कुणी हात मिळवायला येण्याआधी बाहेर. कुणी काही बोललं नाही मला. बोलायची संधीच दिली नाही ना. पण मला मागच्या बाकावरून उठून जायचा कंटाळा आलाय. मला पुढे बसायचंय. गायचंय. उपासना संपल्यावर कुणीतरी माझ्याशी पावसाबद्दल, गुडघेदुखीबद्दल कंटाळवाणं बोलत राहावं आणि मला निघता येऊ नये, असं हवंय.

घड्याळसरांची मात्र भीती वाटते. रविवारच्या शाळेत बायबलमधली सगळी वचनं त्यांनीच पाठ करून घेतली माझ्याकडून. चुकलं तर ओरडायचे नाहीत, नुसते खिशातलं घड्याळ काढून बघत बसायचे. ते अजून आहेत हे वाचून आनंद झाला, आणि लगेच सगळी वचनं मनात म्हणून बघितली.

तुझी बाहेरची खोली मला कवळ्यांच्या कामाला देशील? मला फार काही लागत नाही. एक भक्कम टेबल, नळ, आणि पॉलिशच्या यंत्राचा आवाज सहन करणारे शेजारी.

तुझी सोन्या

२० फेब्रुवारी

सोन्या,

खोली देशील का म्हणे! दिली! शिवणयंत्र आत नेलं, कापसाची पोती माळ्यावर. पलंगावर आता मी आणि चौदा उशा झोपतो.

आणि ऐक, नुसती बसले नाहीये. बेकरीवाल्याच्या बायकोकडे गेले. गायनमंडळ आता तीच चालवते. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न काय, "आवाज तोच आहे ना? जाड?" म्हटलं, तोच असेल. तर ती टाळ्या वाजवायला लागली! म्हणाली, "मला खालचा सूर हवाय हो, चार वर्षं दातांच्या कण्या करतेय त्या सुरासाठी. तो कुणाच्या गळ्यातून येतो त्याच्याशी मला काय करायचंय? नवऱ्याला मी त्या दिवशी टाचणी टोचून उभा करते."

आमच्या गल्लीतली नर्सबाई तर म्हणाली, "यात विचारायचं काय?" दोघी-तिघी कुजबुजल्या, त्यांना मी माझ्या पद्धतीनं गप्प केलं. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या उशा कुणी शिवल्या? मी. म्हटलं, माझ्या उशीवर गुडघे टेकून माझ्याच भाचीला नाही म्हणायचं असेल, तर आधी उशी परत करा आणि दगडावर टेका.

आता घड्याळवाले. गेले त्यांच्याकडे. डोळ्याला भिंग लावून बसले होते, भिंग न काढताच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मी ज्या मुलाला शिकवलं, तो नव्हताच असं तुम्ही सांगताय."

म्हटलं, असं कधी म्हटलं मी? लेकरू तेच आहे.

"देवानं घडवलं तसं राहावं माणसानं. मी बसून राहणार. आधीच सांगतोय, पाठीमागून करणार नाही."

मी पण पेटले. म्हटलं, गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडल्याशिवाय तुम्ही त्यात काय बिघडलंय ते सांगता का? मग माणूस न बघता, न भेटता कसं सांगता? त्यावर ते बोलायला गेले, पण त्यांची खालची कवळी सुटली आणि 'टक्' करून वाजली. ती हल्ली सारखीच वाजते. प्रार्थनेत आमेनच्या आधी एक टक् येतं.

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सोन्या, तू त्यांना एक नवी कवळी करून पाठव! छान, घट्ट, बिनआवाजाची! म्हातारा विरघळतो की नाही बघ. कशी आहे युक्ती?

तुझी हुशार आत्या

२७ फेब्रुवारी

आत्या,

युक्ती वाईट आहे. वाचून पोट धरून हसले, आणि मग रागही आला. तुझ्यावर नाही.

मी दात देऊन जागा घेणार नाही. आज कवळी घट्ट बसली म्हणून ते उभे राहिले, तर उद्या कवळी सैल झाली की माझी जागाही सैल होईल. मग मी जन्मभर तिथे कुणाची ना कुणाची कवळी घट्ट करत बसायचं का? सुतारानं कुणाला स्टूल करून दिलं होतं? तू कुणाला गादी शिवून देऊन आत आलीस? मला फुकटात घ्यायचं असेल तर घ्या. फुकटात घेतात म्हणूनच तर त्या जागेला मी चर्च म्हणते.

आणि आत्या, मी एकदाच विचारेन. वर्षभरानं पुन्हा वेदीपुढे पाठ करून उभं राहायची ताकद माझ्यात नाही. मालकांचं आता वय झालंय, त्यांनी मला लॅबमध्ये भागीदारी देऊ केलीय. एप्रिलअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. तिकडे हो झालं तर मी सामान बांधते. नाही झालं तर इथे सही करते आणि इथलीच होते. मग तू सुट्टीत ये, मी तुला शहर दाखवीन, आणि तो विषय आपण कधी काढायचा नाही.

सरांनी तोंडावर सांगितलं हे मात्र मला आवडलं. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ 'नाही' मला कुणी म्हटलं नव्हतं. लोक हसून दार लावतात.

पाळकसाहेबांना सांग, एप्रिलचा तिसरा रविवार. मी रजा टाकली! निळा ड्रेस शिवायला दिला!

तुझी सोन्या

१८ मार्च

सोन्या,

उशीर झाला, रागावू नकोस. कामं फार. सगळं उत्तम आहे. पाय जरा मुरगळला, किरकोळ. खोलीला रंग देऊन झाला. पाळकसाहेबांनी दिवस पक्का केला. निळा ड्रेस छान दिसेल. जास्त लिहीत नाही, दिवा नीट लागत नाहीये.

आत्या

२३ मार्च

आत्या,

खोटारडी!

तुझ्या ओळी डावीकडून निघून उजवीकडे टेकडी चढल्यात. माणूस उताणं पडून लिहितं तेव्हा असं होतं. आणि अख्खं पत्र सात-आठ वाक्यांत? तुझं तर नुसतं "सोन्या गं" म्हणायलाच अर्धं पान लागतं. दिवा नीट लागत नाही म्हणे! दिवसा लिहायला काय झालं होतं?

मी नर्सबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं असं सांगू नका." म्हणून सांगत नाही की त्यांनी सांगितलं. गुडघ्याची वाटी. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आणि पडलीस कुठून तर चर्चच्या खिडक्या पुसताना शिडीवरून! कुणी सांगितलं होतं? मी काय खिडक्या बघायला येतेय? मला तर मान वर करायलाही धीर होणार नाही.

मी लगेच निघणार होते. मग बॅग भरता भरता माझ्या लक्षात आलं आणि मी पलंगावर बसलेच. आत्या, प्लास्टरमधला पाय घेऊन तू उभी कशी राहणार?

बसला तो बसला. कारण विचारत नाहीत.

म्हणजे घड्याळसरांनी मनापासून उभं राहायचं ठरवलं तरी मला नाही म्हणणारी एक बाई त्यांच्याच बाकावर बसलेली असेल, आणि ती तू! रडावं की हसावं कळेना. आधी हसले.

पुढे ढकलू या का? पण मालक थांबणार नाहीत. खरं खरं लिही.

सोन्या

२९ मार्च

सोन्या गं, माझ्या बाई,

पकडलंस. पुढे ढकलायचं नाव काढलंस तर या प्लास्टरसकट येऊन तुला मारीन. तुला सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि लोक म्हणाले असते, लंगड्या आत्याची सेवा करायला आली, घ्या बिचारीला. मला ते नको होतं. तू माझ्या पायासाठी यायचं नाहीस. तुझ्यासाठी यायचंस.

सगळा बंदोबस्त केलाय. दोन माणसांनी धरलं तर मी उभी राहू शकते, काल करून पाहिलं. नर्सबाई माझ्या उजव्या हाताला बसणार, बेकरीवाला मागच्या बाकावर. पाळकांनी विचारलं रे विचारलं की दोघं मला उचलणार. आणि नाहीच जमलं तर काठी आहे. तू पाठ करून असशील, तुला काही दिसणार नाही. तू समोर बघ आणि मान ताठ ठेव.

घड्याळवाल्यांचा निरोप आहे, तुला कळवायला सांगितला: "माझा विचार बदललेला नाही." म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत. रोज दोनदा येऊन विचारतात मात्र, औषध घेतलं का. गोळीची वेळ झाली की दारात हजर, हातात घड्याळ. कधीकधी वाटतं या माणसाला एक थोबाडीत द्यावी आणि मग चहा द्यावा.

ये. लवकर ये!

आत्या

२० एप्रिल

आत्या,

गाडीतून उतरले, तशीच लॅबमध्ये गेले, मालकांना सांगितलं, "मी सही करत नाही. मी घरी चाललेय." ते रडले आणि मीही रडले. मग त्यांनी मला पॉलिशचं जुनं यंत्र देऊन टाकलं. ते यंत्र मी कडेवर घेऊन तीन जिने चढलेय, दमलेय, आणि आधी तुला लिहायला बसलेय.

रविवारी घरात माणसंच माणसं, मग माझी गाडी. तुला एक मिनिट एकटीला भेटता आलं नाही. मी विचारत होते काय झालं, तर तू नुसती हसत होतीस आणि म्हणत होतीस, "पत्रात लिहीन." लिही ना मग! मला अर्धीच गोष्ट माहीत आहे, कानांनी ऐकलेली.

ती अशी. आत शिरताना तुझ्या उजव्या हाताची जागा रिकामी दिसली. नर्सबाई नाहीत! आणि मागच्या बाकावर बेकरीवालाही नाही! तेवढ्यात मला पुढे नेलं. समोर वेदी, मागे तुम्ही. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं, माझं हे नाव, या चर्चमध्ये पहिल्यांदा. आणि विचारलं. मग बाक करकरले. आधी गायनमंडळाचे, मग सगळीकडून. मी कानांनी मोजायला गेले, जमेना. मग एकदम शांत. आणि त्या शांततेत काठी पडली. लाकडाचा आवाज, मग ती फरशीवर गडगडत गेली. मला कळलं, ती तुझी. आत्या, मी आयुष्यात कधी इतक्या कष्टानं मान सरळ ठेवली नाही. मला धावत यायचं होतं. पाळकसाहेबांचा चेहरा तेवढा दिसत होता आणि तो पांढरा पडला होता.

मग कुजबुज. मग एक बाक करकरला, हळू, जुन्या दारासारखा. आणि पाळकसाहेब इतक्या जोरात ओरडले, "मंडळी उभी आहे!", की मीच दचकले.

पुढे गीत सुरू झालं. रडता रडता मला काही गाता येईना. पण एक ऐकलं. सगळ्या आवाजांत मागून एक टक्... टक्... येत होतं, ओळीच्या शेवटी, अगदी शेवटच्या कडव्यापर्यंत. कवळीचा आवाज मी झोपेतही ओळखते. खालची होती, डावीकडे सैल.

आत्या, घड्याळसर गात होते का?

सोन्या

२७ एप्रिल

सोन्या माझे,

आता नीट बस आणि पाणी पिऊन घे.

नर्सबाईला पहाटेच इस्पितळातून बोलावणं आलं. तिघी बाळंतिणी एकदम, ती तरी काय करणार! आणि बेकरीवाल्याला बायकोनं ऐन वेळी स्वतःशेजारी गायनमंडळात उभा केला, का, तर झोपला तर टाचणी टोचता यावी म्हणून. माझा बंदोबस्त कोसळला. राहिली काठी.

पाळकांनी विचारलं. सगळे उठले. मी काठीवर भार दिला, ती सटकली आणि गेली बाकाखालून पार पलीकडे. बसलेले आम्ही दोघंच, मी आणि घड्याळवाले. ते हाताची घडी घालून, सरळ समोर बघत. मी पुढच्या बाकाला धरून ओढून बघितलं, पाय लाकडासारखा. घाम फुटला मला.

ते हळूच म्हणाले, "बाई, बसून राहा. पडाल."

मी म्हटलं, "बसला तो बसला. कुणाचं वाक्य आहे?"

"तुमचं मत सगळ्यांना ठाऊक आहे."

"माणसांना ठाऊक आहे, रीतीला कुठे ठाऊक आहे? रीतीनं बघितलं तर आत्ता मी माझ्या लेकराला नाही म्हणतेय. तुमचं 'नाही' खरं आहे, घड्याळवाले, तुम्ही बसा. माझं खोटं आहे. खोटं ठरू देऊ नका हो माझं."

खरं सांगते सोन्या, मी ठरवून केलं नाही. इतकं डोकं मला त्या क्षणी कुठलं! मला रडू आलं होतं, नुसतं रडू.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुला माहीतच आहे, त्यांच्या दुकानातलं एक घड्याळ मिनिटभर मागे पडलं तर त्यांना जेवण जात नाही. माझ्या उजवीकडे कुणी आहे का बघितलं. नव्हतं. मग उठले, वाकले, माझ्या काखेत हात घातला आणि उचललं मला. तोच तुझा करकरणारा बाक. ऐंशीला टेकलेला माणूस गं, आणि मी काही पिसासारखी नाही. माझा सगळा भार त्यांच्या खांद्यावर. मी म्हटलं, "झालं, आता तुम्ही बसा." ते दात आवळून म्हणाले, "कसा बसू? पडाल तुम्ही."

आणि पाळकसाहेबांनी तेवढ्यात बघितलं. तो माणूस इथे आल्यापासून कधी घाई करताना दिसला नव्हता. त्या दिवशी केली!

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. गीत सुरू झालं तसा माझा पाय ठणकायला लागला. त्यांनीच मला अलगद खाली बसवलं, पायाखाली उशी सरकवली. मला वाटलं, आता हेही बसणार. मी वाट बघत होते. काम झालं होतं, कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. नाही बसले, सोन्या. उभे राहिले. आणि गायले, तुझ्या पाठीकडे बघत, शेवटच्या कडव्यापर्यंत, टक् टक् करत.

घरी आल्यावर मी सोडते होय! दुसऱ्या दिवशी गोळीच्या वेळेला आले, तेव्हा गाठलं. म्हणाले, "मी तुम्हाला उचललं, इतकंच. माझं मत आहे तिथेच आहे."

म्हटलं, राहू दे तिथेच. पण मी खाली बसले, तरी तुम्ही का उभे होतात?

बराच वेळ घड्याळाला किल्ली देत बसले. मग म्हणाले, "गुडघा आखडला होता."

आणि काल संध्याकाळी पुन्हा आले, गोळीची वेळ नसताना. दारातच उभे. रुमालात काहीतरी गुंडाळलेलं. तोंड हातानं झाकून बोलत होते. म्हणाले, "ते लेकरू इथे काम सुरू करणार म्हणे. माझी कवळी जमेल का, विचारा. सवलत नको. ओळीत उभा राहीन." आणि मग जाता जाता, "वचनं आठवतात का अजून, तेही विचारा."

काय सांगू?

आत्या

३ मे

आत्या,

शनिवारी येतेय, सामानासकट. टेबल खिडकीपाशी ठेव. त्या रविवारी नळ गळताना दिसला, तो तसाच राहू दे, मी बघते.

सरांना सांग, जमेल. आता करते. आता ती लाच नाही. पहिला नंबर त्यांचाच, आणि पैसे पूर्ण घेणार, एक पैसा कमी नाही.

वचनं आठवतात, सगळी. त्यांना हेही सांग, की माप घेताना मी त्यांच्या तोंडात ओल्या लगद्याचा साचा ठेवते आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाला एक शब्द बोलता येत नाही. हलताही येत नाही. पाच मिनिटं नुसतं बसून ऐकायचं. हवं तर घड्याळ हातात ठेवा म्हणावं.

माझ्याकडे बारा वर्षांचं बोलणं साठलंय, आत्या. मी पाठ करून उभी नसेन. समोर बसेन, अगदी त्यांच्या तोंडासमोर, आणि सगळं सांगेन.

तुझी सोन्या